नाव, जमीन आणि आराखडा : नवी मुंबईच्या नागरी धोरणाची सांस्कृतिक चिकित्सा (गव्हाण-उलवे परिसराच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

महाराष्ट्रातील नागरीकरणाची चर्चा सामान्यतः लोकसंख्या, वाहतूक, पाणीपुरवठा आणि गृहनिर्माण या अंगांनी केली जाते. शहर ही एक सांस्कृतिक रचनाही असते. तिला स्वतःची भाषा असते, स्मृती असते आणि कोणाला सामावून घ्यायचे व कोणाला परिघावर ठेवायचे याविषयीची एक दृष्टीही असते. या अंगाने होणारी चर्चा त्या मानाने अल्प आहे. नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळाच्या नामकरणावरून २०२१ पासून पनवेल, उरण आणि ठाणे परिसरात उभा राहिलेला वाद या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे. वरवर पाहता हा दोन नेत्यांच्या नावांमधील निवडीचा वाद होता. त्याच्या मुळाशी मात्र १९७० पासूनचे राज्याचे भूमिधोरण आणि त्या धोरणाने स्थानिक समाजाला दिलेले स्थान हा प्रश्न आहे.

प्रस्तुत लेखात पनवेल तालुक्यातील गव्हाण आणि त्यालगतचा उलवे परिसर डोळ्यांपुढे ठेवून या प्रश्नाची चिकित्सा केली आहे. मराठीत गव्हाण म्हणजे गोठ्यात जनावरांना वैरण घालण्याची जागा. साखर कारखान्यात ऊस जेथे टाकला जातो तिलाही हाच शब्द आहे. ग्रामनामाची व्युत्पत्ती कशीही असो, शब्द कृषिजीवनातला आहे. आज मात्र बहुसंख्य लोकांना 'गव्हाण फाटा' माहीत आहे तो न्हावा-शेवा बंदराकडे धावणाऱ्या अवजड वाहनांच्या मार्गावरील एक नाका म्हणून. शेतीच्या शब्दापासून वाहतुकीच्या खुणेपर्यंतचा हा प्रवास नवी मुंबईच्या निर्मितीचाच प्रवास आहे.

आराखडा : एक सांस्कृतिक संहिता

नवी मुंबईची कल्पना प्रथम मांडली गेली ती एका कलानियतकालिकात. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी 'मार्ग' या इंग्रजी नियतकालिकाच्या १९६५ च्या अंकात, मुंबईची उत्तर-दक्षिण दिशेने होणारी कोंडी फोडण्यासाठी खाडीपलीकडे नवे शहर वसवावे, असा प्रस्ताव मांडला. राज्य शासनाने तो पुढे तत्त्वतः स्वीकारला. १७ मार्च १९७० रोजी शहर व औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजेच सिडको, स्थापन झाले. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ अन्वये १९७१ मध्ये त्यास नवनगर विकास प्राधिकरणाचा दर्जा मिळाला आणि १९७३ मध्ये विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला. सुमारे ३४४ चौरस किलोमीटर क्षेत्र, ९५ गावांच्या जमिनी आणि २० लाख लोकसंख्येचे उद्दिष्ट असे या संकल्पनेचे स्थूल स्वरूप होते.

या आराखड्याचे मोठेपण नाकारता येत नाही. एकाच केंद्राभोवती वाढणाऱ्या महानगराऐवजी अनेक केंद्रांचे शहर, सार्वजनिक वाहतुकीला प्राधान्य आणि अल्प उत्पन्न गटांसाठी घरे ही त्याची सूत्रे त्या काळाच्या पुढची होती. आर्थिक सूत्रही तर्कशुद्ध होते. शेतजमीन शेतीच्या दराने घ्यायची, ती विकसित करून वाढीव दराने द्यायची आणि मधल्या फरकातून रस्ते, रेल्वे, शाळा व घरे उभारायची. जमिनीची मूल्यवृद्धी खाजगी सटोडियांच्या हाती न जाता समाजाच्या उपयोगी पडावी, हा त्यामागील विचार आदर्शवादी होता.

परंतु एखाद्या संहितेची समीक्षा करताना तिच्यात काय म्हटले आहे याबरोबरच काय गृहीत धरले आहे हेही पाहावे लागते. वरील सूत्रात 'समाज' म्हणजे भविष्यात येऊ घातलेला नागरिक होता. आज त्या जमिनीवर भात पिकवणारा, खाजणात मासेमारी करणारा, मिठागरावर राबणारा आगरी, कोळी आणि कराडी समाज हा त्या सूत्रातील खर्चाची बाजू होता. जमिनीचा आरंभीचा दर जितका कमी, तितकी शहर उभारणीसाठी उपलब्ध होणारी शिल्लक अधिक. याचा अर्थ असा, की ज्या वर्गाची आर्थिक क्षमता सर्वांत कमी होती त्यानेच नव्या शहराचे आरंभीचे भांडवल पुरवले. ही विषमता कोणाच्या दुष्ट हेतूतून आली नाही. ती आर्थिक सूत्रात अनुस्यूत होती, आणि म्हणूनच अधिक काळ टिकली.

राज्यसंस्थेने स्वतः मात्र त्या काळात वेगळेच वर्तन केले. शासकीय कार्यालये खाडीपलीकडे न्यावीत, म्हणजे इतर उद्योगधंदे त्यांच्यामागे येतील, अशी मूळ प्रस्तावकांची अपेक्षा होती. सी.बी.डी. बेलापूर येथे कोकण भवन उभे राहिले, पण मंत्रालय दक्षिण मुंबईतच राहिले आणि त्याच सुमारास नरिमन पॉइंट येथे समुद्रात भराव टाकून नव्या इमारती उठल्या. शेतकऱ्याला जमीन सोडण्यास सांगणाऱ्या शासनाने स्वतःची जागा सोडली नाही, हा विरोधाभास नवी मुंबईच्या इतिहासलेखनात ठळकपणे नोंदवला जावयास हवा.

गाव राहिले, शेत गेले

विस्थापनाचे मराठी साहित्यातील परिचित चित्र धरणाचे आहे. विश्वास पाटील यांच्या 'झाडाझडती' (१९९१) या कादंबरीने ते मराठी वाचकांच्या मनावर कायमचे कोरले. धरणात गाव बुडते, माणसे अन्यत्र जातात. नवी मुंबईत घडले ते याहून निराळे. येथे गावठाणे संपादनातून वगळली गेली आणि गावांच्या भोवतालची शेते, खाजणे व मिठागरे संपादित झाली. लोक आपल्याच घरात राहिले, परंतु घराला अर्थ देणारी भूमी त्यांच्या हातून गेली. जागा न बदलता झालेले हे विस्थापन आहे. ते डोळ्यांना सहज दिसत नाही, म्हणून त्याची सांस्कृतिक नोंदही अपुरी राहिली.

या अवस्थेचे परिणाम दुसऱ्या पिढीत प्रकट झाले. कुटुंबे वाढली, गावठाणाची हद्द मात्र जुनीच राहिली. परिणामी गावठाणाबाहेर, कागदोपत्री सिडकोच्या झालेल्या जमिनीवर घरे बांधली गेली. या घरांना परिसरात 'गरजेपोटी बांधलेली घरे' असे म्हणतात. नियोजनाच्या दृष्टीने ती अनधिकृत आणि बांधणाऱ्याच्या दृष्टीने पूर्वजांच्या शेतावरची. २०२२ मध्ये शासनाने अशी घरे नियमित करण्याविषयी निर्णय काढला आणि त्यानंतर त्यात सुधारणाही झाल्या. तथापि, ज्या प्रश्नाची चाहूल पहिल्या आराखड्याच्या वेळीच लागावयास हवी होती, त्याचे उत्तर अर्धशतकाने शोधावे लागावे यातच आराखड्याची उणीव दिसते. येऊ घातलेल्या २० लाख लोकांची गणना करणाऱ्या नियोजनाने तेथे असलेल्या लोकांच्या मुलाबाळांसाठी जागा राखली नाही.

लोकप्रतिनिधित्वाचा प्रश्नही याच्याशी निगडित आहे. सिडको हे कंपनी कायद्याखाली स्थापन झालेले महामंडळ आहे; ते मतदारांना उत्तरदायी नाही. नवी मुंबई महानगरपालिकेचा कारभार १९९२ मध्ये, म्हणजे सिडकोच्या स्थापनेनंतर सुमारे बावीस वर्षांनी सुरू झाला. पनवेल महानगरपालिका १ ऑक्टोबर २०१६ रोजी अस्तित्वात आली, तेव्हा पनवेल शहरासह २९ गावे तिच्यात समाविष्ट झाली. गव्हाण त्या हद्दीबाहेर राहिले. परिणामी गावात ग्रामपंचायत आणि गावाच्या शेतावर उभ्या राहिलेल्या उलवे नोडमध्ये सिडको, अशी दुहेरी व्यवस्था निर्माण झाली. एका बाजूस निवडून आलेली पण अल्प अधिकारांची संस्था आणि दुसऱ्या बाजूस व्यापक अधिकारांची पण निवडून न आलेली संस्था, अशा या रचनेत स्थानिकांचा आवाज रस्त्यावरील आंदोलनातूनच उमटत राहिला, यात नवल नाही.

शब्दांची साक्ष

या धोरणाची मानसिकता त्याच्या शब्दसंग्रहातून स्पष्ट होते. ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांना 'प्रकल्पग्रस्त' म्हटले जाते. 'ग्रस्त' हे पद मराठीत पूर, दुष्काळ, भूकंप यांच्या जोडीने येते. ते आपत्ती सुचवते, कर्ता सुचवत नाही. प्रकल्प हा मानवी निर्णय असतो. त्याला कोणीतरी मंजुरी दिलेली असते. शब्दाने मात्र त्या निर्णयाचे रूपांतर नैसर्गिक आपत्तीत होते आणि मोबदला हा हक्क न राहता मदतीच्या पातळीवर उतरतो. सिडको स्वतःला 'शहरांचे शिल्पकार' म्हणवते. शिल्पकाराला समोर दगड लागतो. त्या रूपकात आधीच वसलेल्या, बोलणाऱ्या भूमीला स्थान नाही. 'संपादन' हा शब्द तर विशेष लक्षणीय आहे. मराठीत जमिनीचेही संपादन होते आणि ग्रंथाचेही. ग्रंथाचा संपादक काय ठेवावे व काय गाळावे हे ठरवतो. नवी मुंबईच्या भूसंपादनातही असाच एक मजकूर गाळला गेला.

याच्या उलट स्थानिक भाषेने आपले शब्द घडवले. 'साडेबारा टक्के' हा मुळात एका शासकीय योजनेतील आकडा; संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ जमीनधारकास परत देण्याची ही तरतूद. आज तो परिसरातील बोलीत वारसा, भाऊबंदकी, बांधकाम आणि आशा या सर्वांना स्पर्श करणारा शब्द झाला आहे. या योजनेमागे जानेवारी १९८४ चे आंदोलन उभे आहे. १६ व १७ जानेवारी रोजी जासई व नवघर परिसरात झालेल्या पोलीस गोळीबारात पाच जणांनी प्राण गमावले. जमीनधारकाला विकासात वाटा मिळाला पाहिजे हे तत्त्व त्यातून शासनाच्या पचनी पडले आणि १९९० मध्ये त्यास योजनेचे स्वरूप आले. आराखड्याने जे दिले नाही ते आंदोलनाने आराखड्यात लिहून घेतले, असे म्हणता येईल.

नावाचे राजकारण

या आंदोलनाचे नेते दि. बा. पाटील (१९२६–२०१३) हे उरण तालुक्यातील जासईचे. शेतकरी कामगार पक्षाचे नेते म्हणून ते पाच वेळा विधानसभेवर आणि दोन वेळा लोकसभेवर निवडून गेले. विधानसभेतील विरोधी पक्षनेतेपदही त्यांनी भूषविले. कुलाबा जिल्ह्याला जमीनविषयक लढ्यांची दीर्घ परंपरा आहे. १९३० चा चिरनेरचा जंगल सत्याग्रह आणि नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ पासून सुरू झालेला चरी येथील कुळांचा प्रदीर्घ संप ही त्यातील ठळक उदाहरणे. दि. बा. पाटील यांचे नाव स्थानिकांना या परंपरेतील शेवटच्या मोठ्या दुव्यासारखे वाटते. त्यामुळे एप्रिल २०२१ मध्ये सिडकोच्या संचालक मंडळाने विमानतळास बाळासाहेब ठाकरे यांचे नाव देण्याचा ठराव केला, तेव्हा उमटलेली प्रतिक्रिया तीव्र होती. १० जून २०२१ रोजी मानवी साखळी आणि २४ जून रोजी, पाटील यांच्या स्मृतिदिनी, बेलापूर येथे सिडको भवनावर मोर्चा निघाला.

पुढील घटनाक्रम बोलका आहे. २९ जून २०२२ रोजी तत्कालीन मंत्रिमंडळाने आपल्या अखेरच्या बैठकीत दि. बा. पाटील यांच्या नावाचा निर्णय घेतला. जुलैमध्ये नव्या सरकारने तोच निर्णय पुन्हा घेतला आणि ऑगस्टमध्ये विधिमंडळाने तसा ठराव केला. विमानतळाच्या नावाला केंद्राची मान्यता लागते. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्घाटन झाले, तेव्हा अधिकृत नाव 'नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळ' असेच होते. नाव देण्याच्या बाबतीत एकमेकांच्या विरोधातील पक्षांचे एकमत होऊ शकले, यावरून एक निष्कर्ष निघतो. नाव हे राज्यसंस्थेच्या दृष्टीने सर्वांत स्वस्त दान आहे. त्यासाठी जमीन द्यावी लागत नाही, अंदाजपत्रकात तरतूद करावी लागत नाही आणि गावठाणाची हद्द हलवावी लागत नाही.

नामकरणातून राजकारण घडवण्याची रीत जिल्ह्याला नवी नाही. १९८१ मध्ये कुलाबा जिल्ह्याचे 'रायगड' झाले. शहराच्या अंतर्गत रचनेतही नावांचा खेळ दिसतो. वाशी, नेरूळ, खारघर, उलवे ही नावे मूळ गावांची. पण नोडला गावाचे नाव मिळताच मूळ गाव 'वाशी गाव', 'नेरूळ गाव' असे विशेषण लावून ओळखले जाऊ लागते. ज्याचे नाव घेतले त्यालाच पुरवणी लावावी लागते. उलव्याची कथा त्याहून पुढची आहे. विमानतळासाठी ज्या दहा गावांचे स्थलांतर झाले त्यांत उलवे होते. उलव्याची टेकडीही सपाट करण्यात आली. गाव उठले, टेकडी गेली आणि नाव मात्र आसपासच्या गावांच्या शेतांवरील गृहसंकुलांच्या जाहिरातींत झळकत राहिले. नाव टिकणे म्हणजे गाव टिकणे नव्हे, याचा याहून स्पष्ट पुरावा शोधण्याची गरज नाही.

ऑस्ट्रेलियातील तुलना

या संदर्भात ऑस्ट्रेलियातील अनुभव उद्बोधक ठरतो. भारताप्रमाणेच तेथेही जमीन व नगरनियोजन हे प्रामुख्याने राज्यांचे विषय आहेत आणि मोठे विमानतळ संघराज्याच्या अखत्यारीत येतात. सिडनीच्या पश्चिमेस बॅजरीज क्रीक येथील विमानतळाची जागा १९८६ मध्ये निवडली गेली. अनेक वर्षे निर्णय लांबला आणि २०१९ मध्ये त्यास नॅन्सी-बर्ड वॉल्टन या महिला वैमानिकाचे नाव जाहीर झाले. ती भूमी परंपरेने दारुग लोकांची. विमानोड्डाणाच्या इतिहासाला मान देणारे हे नाव उचित आहे, परंतु भूमीच्या पूर्वस्मृतीविषयी ते काही बोलत नाही.

उलुरूचे उदाहरण अधिक महत्त्वाचे आहे. मध्य ऑस्ट्रेलियातील या प्रचंड खडकास वसाहतकाळात 'एअर्स रॉक' हे नाव मिळाले होते. २६ ऑक्टोबर १९८५ रोजी त्या भूमीची मालकी तेथील आदिम अनांगू समाजाकडे परत देण्यात आली. समाजाने ती राष्ट्रीय उद्यानासाठी ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने पुन्हा शासनास दिली. त्यानंतर १९९३ मध्ये 'एअर्स रॉक / उलुरू' असे दुहेरी नाव आले आणि २००२ मध्ये क्रम बदलून 'उलुरू / एअर्स रॉक' झाले. येथे क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. आधी भूमीवरील हक्क मान्य झाला, मग नाव आले, मग नावांचा अग्रक्रमही बदलला. १९९२ च्या माबो खटल्यातील निर्णयाने तर वसाहतपूर्व ऑस्ट्रेलिया ही कोणाच्याच मालकीची भूमी नव्हती, हे गृहीतकच मोडीत काढले. ही तुलना फार ताणणे योग्य होणार नाही. पनवेल-उरणच्या शेतकऱ्याची मालकी सात-बाऱ्यावर नोंदलेली होती आणि संपादन कायद्याने, मोबदला देऊन झाले. तरीही भूमीला मोकळी जागा मानण्याची वृत्ती दोन्हीकडे ओळखीची वाटते.

एक संभाव्य आक्षेप

येथे असा आक्षेप घेतला जाऊ शकतो की, साडेबारा टक्के योजना १९९० मध्ये आली, विमानतळबाधितांसाठी साडेबावीस टक्क्यांचे पुनर्वसन पॅकेज आले, अनेक कुटुंबे आर्थिकदृष्ट्या सुस्थित झाली. मग जमिनीचा प्रश्न शिल्लक राहिला कोठे? आक्षेपात तथ्य आहे. महाराष्ट्रातील धरणग्रस्तांच्या वाट्याला जे आले त्या तुलनेत हे पुनर्वसन निश्चितच उजवे आहे. परंतु भूखंडाचे मूल्य आणि भूमीवरील स्थान या दोन गोष्टी भिन्न आहेत. भूखंड विकता येतो. खाजण, मिठागर आणि भातशेती यांच्याभोवती उभी राहिलेली सामूहिक जीवनपद्धती विकतही घेता येत नाही आणि परतही देता येत नाही. शिवाय जमीन न धारण करणारे शेतमजूर, मीठ कामगार आणि खाडीवर अवलंबून असणारे मच्छीमार यांना टक्केवारीच्या गणितात फारसे स्थान नव्हते. नामकरणाच्या आंदोलनाला लाभलेला व्यापक प्रतिसाद या उरलेल्या हिशेबातून आला. टक्क्यांत न मोजता येणारी हानी लोकांनी नावाच्या रूपाने मागितली. म्हणून या मागणीस केवळ अस्मितेचे राजकारण म्हणून उडवून लावणे अन्यायाचे होईल. त्याचबरोबर ती मान्य करून हिशेब पूर्ण झाला असे मानणेही तितकेच अन्यायाचे होईल.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात. नवी मुंबईच्या आराखड्याने भावी नागरिकाचा विचार जितक्या बारकाईने केला तितका विद्यमान रहिवाशांचा केला नाही. या उणिवेची दुरुस्ती आराखड्यातून न होता आंदोलनांतून होत गेली. आणि नामकरण हे या दुरुस्तीचे शेवटचे रूप असले, तरी ते तिचा पर्याय होऊ शकत नाही.

हा प्रश्न केवळ इतिहासाचा नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये उरण, पनवेल व पेण तालुक्यांतील १२४ गावांच्या क्षेत्रासाठी मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची नवनगर विकास प्राधिकरण म्हणून नियुक्ती झाली. १२ जानेवारी २०२४ रोजी खुल्या झालेल्या अटल सेतूने हा प्रदेश मुंबईच्या अगदी निकट आणला आहे. अर्धशतकापूर्वी ९५ गावांच्या बाबतीत जे घडले त्याची पुनरावृत्ती १२४ गावांत होऊ द्यायची नसेल, तर नव्या आराखड्यात गावठाणाच्या नैसर्गिक वाढीसाठी पहिल्याच टप्प्यावर जागा राखली जावी. भूमिहीन आणि खाडीवर जगणाऱ्या कुटुंबांची स्वतंत्र नोंद व्हावी. शेते, बांध, खाजणे आणि टेकड्या यांची स्थानिक नावे संपादनापूर्वीच नकाशावर घेतली जावीत. आणि नियोजन प्राधिकरणाबरोबरच निवडून आलेली संस्था अस्तित्वात यावी. परिसरातील महाविद्यालयांना यांपैकी एक काम आजच हाती घेता येईल. मराठी, भूगोल आणि समाजशास्त्र या विभागांनी एकत्र येऊन आपल्या विद्यार्थ्यांकरवी गावोगावची शेतनावे व जमीनविषयक शब्द नोंदवले, तर पुढील आराखड्यापुढे ठेवण्यास किमान एक दस्तऐवज तयार होईल. गव्हाण परिसरातील अनेक विद्यार्थ्यांच्या घरांत ती नावे सांगणारी पिढी आज हयात आहे.